युमेनेस आणि माझी विहीण

विहीणबाई, तुम्ही गेलात त्याला महिना उलटला आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. चहा उकळताना भांडते, मेथी निवडताना भांडते. परवा शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "बाई, कुनासंगं बोलताय?" मी म्हटलं, "विहिणीसंगं." ती म्हणाली, "त्या तर गेल्या न्हवं?" मी म्हटलं, "म्हनून तर. आता मधी तोंड घालीत न्हाईत."

खोटं सांगितलं तिला. तुम्ही मध्ये तोंड घालत नाही हेच सोसत नाही मला. मी आपली एकटीच बोलत सुटते आणि जिथं तुमचा टोला यायचा तिथं नुसती भिंत.

भांडण कशावरून, हे तुम्हाला सांगायला नको. माझी शीला आणि तुमचा प्रमोद एका छपराखाली राहणार की नाही. आपण दोन म्हाताऱ्या वर्षभर दुसरं काही बोललोच नाही म्हणा ना. तुम्ही तुमचं म्हणणं अर्धं टाकून गेलात. शहाण्या माणसानं असं जाऊ नये.

तुमच्या दफनाआधी चर्चमधल्या प्रार्थनेत लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. पाळकांच्या शाळेत ग्रीक शिकवलं, किती पाळक तुमच्या हाताखालून गेले, आवाज कसा गोड, चालणं कसं नम्र. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. ती बाई काही माझ्या ओळखीची वाटेना. पत्त्यात लबाडी करणारी, दुसऱ्याच्या ताटातली लोणच्याची फोड पळवणारी माझी विहीण कुणाला ठाऊकच नव्हती.

तुम्ही पहिल्यांदा तिसगावला आलात ते आठवतं का? शीलाला बघायला. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंतच्या पोरांना पाढे शिकवायची आणि चाल अशी, जणू कलेक्टरीण. मुलीच्या आईनं जरा नमतं घ्यावं, तर नाही. कोण ही नगरची ग्रीकवाली, बघू हिला घाम फुटतो का, म्हणून मी शेंगोळे केले आणि हुलग्याच्या त्या रश्शात लसूण-मिरचीचा असा गोळा टाकला की आमचे हे वास घेऊनच अंगणात निघून गेले. तुम्ही पहिला घास घेतलात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग ताट पुढं केलंत आणि म्हणालात, "अजून वाढा."

मी हरले ते तिथंच. पण हरलेलं कबूल करायची अक्कल तेव्हा माझ्याकडं नव्हती, म्हणून लग्नात परत भांडायला उठले. वरमाई रुसते हे जगाला माहीत आहे. मुलीची आई रुसून बसलेली, अशी आमच्या भागात मीच पहिली असेन. कारण काय, तर तुमच्याकडून मला आली साधी सुती साडी आणि माझ्या जावेला काठपदराची. चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली जाऊन बसले. बॅण्डवाले वाजवायचे थांबले. हे दोनदा येऊन हात जोडून गेले. मी चिंचेच्या बुंध्यासारखी घट्ट.

मग तुम्ही आलात. चपला काढल्यात, शेजारी येऊन म्हणालात, "सरका जरा. मलाही रुसायचंय."

"तुमाला काय झालं रुसायला?"

"सकाळपासून एकानं विचारलं नाही, जेवलात का म्हणून. वरमाई आहे मी."

मला हसू आलं. ते लपवायला मी म्हटलं, "मग जेवला का?"

"नाही. तुम्ही?"

आणि आपण दोघींनी आचाऱ्याकडून बुंदीचा द्रोण मागून घेतला आणि तिथं मातीत बसून खाल्ला. साड्या वाटताना तुमच्या नणंदेनं पिशव्यांची अदलाबदल केली होती, हे तुम्हाला माहीत होतं. नणंदेचं नाव सांगून सुटता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाही. मला ते कळलं पुढं कितीतरी वर्षांनी, तेही नणंदेच्याच तोंडून.

त्याच चिंचेखाली मी विचारलं, तुम्हाला माझा राग नाही आला? तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तो शब्द काढलात. युमेनेस. मला वाटलं, झालं, सुरू झाली ग्रीकवाली. तुम्ही म्हणालात, हा शास्त्रातला, म्हणजे बायबलातला शब्द नाही, त्याच्याही आधीच्या ग्रीक लोकांचा आहे, परीक्षेत येत नाही, म्हणून मला आवडतो. ज्याचं मन दुसऱ्याच्या बऱ्याकडं कललेलं आहे तो युमेनेस.

"म्हंजी प्रेमळ," मी म्हटलं.

"नाही."

"मनमिळाऊ."

"मनमिळाऊ माणूस सगळ्यांत मिसळतो. ह्याला मिसळायची गरज नाही."

"लाघवी तरी?"

"लाघवी माणसाला आधी आपलं काम काढून घ्यायचं असतं, विहीणबाई. चांगल्या ओळखीचे आहेत माझ्या."

त्या दिवसापासून हा खेळ चालू राहिला. मी दर भेटीला एक मराठी शब्द घेऊन यायची, तुम्ही तो तपासून परत करायच्या, जशी बाजारात बाई वांगी दाबून बघते आणि टोपलीत टाकते. सुस्वभावी, दयाळू, कनवाळू, सालस. एकही तुम्ही पिशवीत घातला नाहीत. उलट तुम्ही तो शब्द कशाकशाला लावायच्या. ग्रीक लोक म्हणे रस्त्यालाही तो लावत, नदीलाही, औषधालासुद्धा. करंजीचा घाट उतरून एसटी सपाटीला लागली की खिडकीतून बघत म्हणायच्या, हा युमेनेस रस्ता. आमच्या मुरमाड रानात बाजरी कमरेला लागलेली बघून म्हणालात, जमीन युमेनेस आहे तुमची. मी म्हटलं, एकदा उन्हाळ्यात येऊन बघा, मग दुसरा शब्द शोधाल. नगरच्या काळ्या पाण्याच्या सीना नदीला मात्र तुम्ही तो शब्द लावायच्या नाहीत. म्हणायच्या, हिला अजून वेळ आहे.

हे सगळं मजेचं होतं तोवर बरं होतं. मग गेल्या वर्षी शीला तिसगावला आली, बॅग न घेता आली, आणि चुलीपुढं बसून म्हणाली, "आई, मला प्रमोदबरोबर राहायचं नाही."

मी सगळं विचारलं. दारू? नाही. मारतो? छे. दुसरी बाई? तेही नाही. "मग भांडनं हायेत का?" ती म्हणाली, "भांडण असतं तर मिटवता आलं असतं गं. आम्ही एकमेकांना काही सांगतच नाही. त्याला कंटाळा नाही, मला राग नाही. दोघं आपापलं ताट धुऊन ठेवतो."

"आपापलं ताट धुतात म्हनून कुनी घर मोडतं व्हय?"

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "मम्मींचं सगळं होईपर्यंत आहे मी तिथं. त्यांना मी सोडणार नाही."

तेव्हा तुमचा आजार नुकता कळला होता. म्हणजे बघा माझी गत. तुमचा श्वास चालू तोवर माझ्या लेकीचा संसार चालू. देवाकडं मी तुमच्यासाठी मागत होते ते तुमच्यासाठी की शीलासाठी, हे त्यालाच ठाऊक. मला तर वेगळं करता येत नव्हतं. आपल्या दोघींच्या नातीला पुण्याला फोन केला, तर ती म्हणाली, आजी, तू त्यांच्यामध्ये पडू नकोस. पोरी आता आजीला शिकवायला लागल्या आहेत.

तुम्हाला मी ते सांगायला आले, तर तुम्हाला आधीच माहीत. शीलानं मला सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं. त्याचंही मला लागलं. आईच्या आधी सासूला. पण तुम्ही नुसती मान हलवलीत आणि म्हणालात, "मला दिसत होतं."

आणि मग ती दुपार. तुमची खाट खिडकीशी होती. शीलानं चमच्यानं ते गुलाबी औषध पाजलं, तोंड पुसलं, आणि बाहेर गेली. तुम्ही म्हणालात, "हे औषध युमेनेस आहे. पोटाला लागत नाही." मी मात्र ठरवून आले होते. खुर्ची ओढली आणि म्हटलं, विहीणबाई, तुम्ही शीलाला शपथ घाला. माझ्यामागं हे घर सोडू नकोस, म्हणा. जाणाऱ्याचा शब्द कुणी मोडत नाही.

तुम्ही म्हणालात, "नाही घालणार."

"का बरं?"

"तिनं माझं हगणं-मुतणं काढलं. तिला बांधून जाऊ?"

"अहो, पन घर टिकंल ना."

"धाकानं टिकेल."

मी म्हटलं, शिंगणापूरला घरांना दारं नाहीत, धाकच आहे ना तो शनिदेवाचा, चांगली टिकली की घरं. तुम्ही हसलात, हसताना तुम्हाला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर म्हणालात, "मला शनी करू नका हो, विहीणबाई."

मी रागानं लाल. म्हटलं, तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा. पोराचं घर मोडतंय आणि तुम्ही खिडकीतून बघत बसणार. हीच का ती कललेल्या मनाची बाई?

तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला अजून गिळता येत नाही. म्हणालात, प्रेम आटलं तरी हे राहू शकतं. दोघं एकत्र राहोत की न राहोत, एकमेकांचं बरं व्हावं असं दोघांना वाटत असेल, तर मला पुरे. मोडायचंच असेल तर मोडू दे, मोडताना कुणाच्या अंगावर दगड पडू नये एवढं बघा.

"मला न्हाई पुरं," मी म्हटलं. "मला माझी लेक नांदती हवी."

तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. तेवढ्यात इंजेक्शन द्यायला नर्स आली. मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "उद्या येऊन भांडते."

तुम्ही हात वर केलात. "या. वाट बघते."

वाट बघायचं कबूल करून त्याच रात्री माणूस जातं का कधी? सांगा की. काय बोलणार होतात? त्या उघड्या तोंडातला तो एक शब्द मी रोज शोधते. कधी वाटतं, तुम्ही माझं ऐकणार होतात, शीलाला हाक मारणार होतात. कधी वाटतं, नुसतं पाणी मागणार होतात.

तुम्हाला पुरून आलो त्या दिवशी सोयऱ्यांनी आणायचा कडू घास आमच्याकडून होता. पाळकांना हा रिवाज आवडत नाही, पण भुकेल्या घराला पिठलं-भाकरी द्यायची तर त्यात देवाचं काय जातं? मी पहाटे उठून भाकरी थापल्या, पिठलं डब्यात भरलं. घरी पोचले तर प्रमोद एका खोलीत, शीला दुसऱ्या खोलीत. दोघांचे डोळे सुजलेले, दोघं एकाच माणसासाठी रडलेले, आणि मधे भिंत. रिवाज असा की सोयऱ्यानं पहिला घास घरच्या मुलाला भरवायचा. म्हणजे मी प्रमोदला. पण माझ्या म्हाताऱ्या डोक्यात खोड शिरली. मी मोठ्यानं म्हटलं, "आमच्याकडं हा घास लेकीनं घालायचा असतोय. म्हायेरच्या वतीनं."

कोपऱ्यात बसलेली तुमची नणंद, तीच ती साडीवाली, लगेच फणकारली. "असा कुठं रिवाज हाय?"

"तिसगावला हाय."

"मी शेजारच्या पाथर्डीची हाय. माज्या तर कानावर न्हाई आला."

"मग उमर झाली तुमची, कान गेले आसतील," मी म्हटलं.

शीलानं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. लहानपणापासून तिनं माझ्या थापा पकडल्या आहेत. तरी ती उठली, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि प्रमोदच्या तोंडात नाही, हातात दिला. "खा थोडं," म्हणाली. त्यानं खाल्लं. मग त्यानं भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढं ठेवली. तिनंही खाल्ली. दोघं एका ताटात जेवले, विहीणबाई. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.

मग मी काय करावं? घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले. मिटलं म्हणून. आईच्या मरणानं पोरं एक झाली म्हणून. भावाला फोन, जावेला फोन, शाळेतल्या जुन्या बाईंना फोन. तुमच्या फोटोपुढं उभी राहून म्हटलं, बघा, मी जिंकले, तुमचा तो शब्द हरला. आणि कधी नव्हे ते दोन वेळ पोटभर जेवले. हसा. माझ्यावर हसायचं काम आजवर तुम्ही मला एकटीला कधी करू दिलं नाहीत.

तुम्हाला महिना झाल्याची प्रार्थना झाली आणि दुसऱ्याच दिवशी शीलाचा फोन आला. "आई, खोली बघितली आहे सावेडीकडं. उद्या सामान हलवतेय. येतेस का मदतीला?"

मी ओरडले, रडले, तुमची आण घातली. जी शपथ तुम्ही घातली नाहीत ती मी तुमच्या नावानं घातली. ती म्हणाली, "मम्मींनी असं कधी केलं नसतं." आणि मला खाली बसावं लागलं.

तू तरी सांग गं. आयुष्यभर तुम्ही-तुम्ही केलं, आता एकदाच तू म्हणते, ऐक. आमचे हे गेले तेव्हा मी रडले आणि उठले, कारण शीला नांदत होती. आता ती त्या घरातून उठते आणि तिची आई बसते. या वयात मी कुणाकडं जाऊ? पाळक म्हणतात प्रार्थना करा. भाऊ म्हणतो कोर्टात खेचा. नात म्हणते आजी, दोघं मोठे आहेत. सगळे बरोबर बोलतात आणि माझ्या छातीतला दगड कुणाला दिसत नाही. तुला दिसला असता. तू म्हणाली असतीस, सरका, मलाही बसायचंय.

गेले मी. जाणार नव्हते, पण गेले. टेम्पो दारात उभा होता आणि प्रमोद गादी बांधत होता. स्वतः. दोरीला पीळ घालून, गाठ ओढून, परत तपासून. शीलाचं शिलाईचं मशीन त्यानं गोधडीत गुंडाळलं होतं, चाक कुठं आपटू नये म्हणून. मला म्हणाला, "आई, तुम्ही पुढं बसा, मागं हेलकावे बसतील."

मी विचारलं, "तुमाला काहीच वाटत न्हाई का हो?"

त्यानं दोरीची गाठ पुन्हा ओढली. म्हणाला, "वाटतं ना. तिच्या खोलीत पाण्याचा प्रेशर कमी आहे. टाकीचं बघायला लागेल."

खोली तिसऱ्या मजल्यावर. त्यानं सामान वर नेलं, गॅस जोडला, साबणाचं पाणी लावून नळी गळते का बघितलं. मग दाराची कडी हलवून बघितली. "ढिली आहे," म्हणाला, आणि स्क्रू आणायला खाली गेला. त्या रिकाम्या खोलीत आम्ही मायलेकी गादीवर बसलो.

"एवढा चांगला मानूस हाय गं," मी म्हटलं.

"हो. आहे."

"मग?"

"मग काय, आई? म्हणूनच भांडून नाही निघाले."

विहीणबाई, मला दिसलं. मी आंधळी नाही. तुम्ही ज्याला तो शब्द लावायच्या ते माझ्यासमोर साबणाचे फुगे बघत बसलं होतं, आता स्क्रू आणायला गेलं होतं. कुणाच्या अंगावर दगड पडला नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. आणि मी तुम्हाला सांगते, मला नाही पुरत. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या मनाच्या होतात, मी कबूल करते, ताट पुढं करून अजून वाढा म्हणणारी जात तुमची. माझं मन तेवढं नाही. मला माझी लेक तुमच्या स्वयंपाकघरात हवी होती, कढईत उलथनं वाजवत, प्रमोदवर ओरडत. आणि तुम्ही खाटेवर, मला म्हणत, चला, आज कोणता शब्द आणलात.

तो आला. कडी घट्ट केली, आतून लावून बघितली, बाहेरून लावून बघितली. शीलाच्या हातात किल्ल्या दिल्या. हात रुमालाला पुसून माझ्याकडं वळला. "येतो, आई. सलाम."

आपल्या ख्रिस्ती रीतीचा तो सलाम मी घेतला. हात हातात घेतला आणि मला तो सोडवेना. बोटं तुमच्यासारखी आहेत त्याची, लांब आणि कोरडी. तो ओढत नव्हता, नुसता उभा होता. मी काही बोलायला तोंड उघडलं आणि तोंडात काही आलं नाही.

"आई, सोड त्याला," शीला म्हणाली. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली, विहीणबाई, की मी सोडला.